दिव्याची पाठ

"मालवू नकोस रे, छान उजेड पडलाय," आत्या म्हणाली आणि त्याचा हात दाराजवळच्या बटणावरच राहिला. तो काही मालवायला गेला नव्हता. खोली अंधारी वाटली म्हणून वरची ट्यूब लावायला गेला होता. मंगळवारची दुपार, चार वाजायला आले होते. ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायची होती तिथे सुटा भागच पोचला नव्हता, म्हणून तो एरवीपेक्षा तीन तास आधी घरी आला होता. पडदे ओढलेले होते, कारण खिडकीतल्या झोताचा आत्याला त्रास होई. तिरप्या फळीचं तिचं जुनं टेबल, फळीवर टाचण्यांनी ताणून बसवलेला ट्रेसिंगचा कागद, डाव्या हातात भिंग, उजव्या हातात टाक. मान खाली, टाक सावकाश पुढे सरकत होता. आणि वर, दोन महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच्या हातांनी बनवलेला दिवा. उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काळ्या हीटसिंकखाली चिकटवलेल्या तीन एलईडींपैकी एक सुटून दोन तारांवर लोंबत होता, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा. बाकीचे दोन जागेवर होते. तिन्ही विझलेले.

"नाही मालवत," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला नवल वाटलं. पिशवी खाली ठेवून तो जवळ गेला. आत्याने मान वर केली आणि त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघून हसली. त्याने हीटसिंकला बोट लावलं. गार होता. मग कागदाकडे बघितलं. टाकातली शाई कधीच संपली होती. कागदावर नुसते ओरखडे होते, एकाशेजारी एक, अगदी सारख्या अंतरावर, आणि कडेने पाहिलं तरच दिसतील असे. किती वेळापासून? आज सकाळपासून, की कालपासून?  शेवटी तो म्हणाला, "आत्या, दिव्यावर धूळ बसलीय. पुसायला नेतो." ती म्हणाली, "ने की." त्याने तारा सोडवल्या, दिवा छातीशी धरला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून पलंगाच्या कडेवर बसून राहिला.

आपल्याला नेमका धक्का कसला बसला हे त्याला पटकन कळेना. आत्याची नजर मध्यातून झिजत चाललीय हे ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं होतं, कडा शाबूत आणि मधोमध राखाडी डाग. "भरपूर उजेड द्या, सावली न पडणारा," त्या म्हणाल्या होत्या. एवढं एक वाक्य त्याला पुरलं होतं. बाकीचं, म्हणजे डाग वाढत जातो वगैरे, त्याच्या कानांवरून गेलं. कारण उजेड ही गोष्ट त्याच्या हातातली होती आणि डाग नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने एका जुन्या ॲम्प्लिफायरमधला हीटसिंक शोधून काढला. दर दोन-तीन दिवसांनी तो आत्याला विचारी, "कसा आहे उजेड?" आणि ती म्हणे, "झकास." एकदा तर म्हणाली होती, "ऑफिसात असा दिवा असता तर माझी आणखी दहा वर्षं नोकरी झाली असती." हे वाक्य त्याने कामावर दोघातिघांना सांगितलं होतं. आता ते आठवून त्याच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

आत्या नकाशे काढायची. चौतीस वर्षं मोजणी खात्यात, उंच स्टुलावर बसून. डोंगरांच्या उंचीच्या रेषा, पायवाटा, विहिरी, एकेका रेषेची जाडी केसाच्या हिशेबात. आई गेल्यावर नवव्या वर्षी तो आत्याकडे आला. बाप फिरतीवर, घरात माणूस नाही; आत्या आली, त्याची पेटी उचलली आणि म्हणाली, "चल, माझ्याकडे टेबल मोठं आहे." टेबलाचा डावा कोपरा त्याला मिळाला. तिथे तो घड्याळं उघडायचा, जुने रेडिओ खोलायचा, आणि ती उजव्या बाजूला घरी आणलेलं काम करायची. तासन्‌तास दोघं बोलत नसत. तिने त्याचं नाव 'खटपट्या' ठेवलं आणि आज पन्नाशी उलटली तरी तेच चालू होतं. त्या टेबलावर एका हिवाळ्यात तिला छापून आलेल्या नकाशात स्वतःची चूक सापडली होती. एक पायवाट ओढ्याच्या भलत्याच काठाने गेली होती. कुणालाही कळलं नसतं. पायवाटेने चालणारे नकाशा बघत नाहीत आणि नकाशा बघणारे पायवाटेने चालत नाहीत, असं तिची मैत्रीण म्हणाली होती. ही मैत्रीण शेजारच्या स्टुलावर बसे. ताठ चालायची म्हणून ऑफिसात तिला 'काटकोन' म्हणत. पण आत्या दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. त्या वर्षी तिची बढती हुकली. घरी आल्यावर तिने त्याला एवढंच सांगितलं, "चूक दिसली की बोलायची. मग पोटात दुखत नाही." आणि तीच बाई आता विझलेल्या दिव्याखाली बसून उजेड छान आहे म्हणत होती. त्याला राग आला. मग आपल्याला राग आला याची लाज वाटली, आणि मग परत राग.

बायको औषधांच्या दुकानातून साडेसहाला आली. त्याने स्वयंपाकघरात हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने पर्स टेबलावर ठेवली, नळाखाली हात धुतले आणि पुसता पुसता म्हणाली, "मला वाटतच होतं."

"म्हणजे?"

"चहा ओतताना त्या कपात बोट धरतात. किती भरला ते कळायला. मी दोनदा बघितलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

 "तू त्या दिव्यावर इतका खूश होतास," ती म्हणाली. "कुणाच्याही जिवावर आलं असतं सांगायला."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याच्या दुकानात गेला. हा माणूस चष्मा कपाळावर ठेवून गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू आधी बघायचा, गिऱ्हाइकाकडे नंतर. त्याने दिवा उलटा केला, सुटलेल्या एलईडीची पाठ बघितली, नखाने गोंदाचा पापुद्रा उचकटला.

"कशाने चिकटवलंत?"

"झटपट गोंद."

"साधा?"

"साधाच."

"हीटसिंक गार राहायचा का?"

"अगदी गार," तो म्हणाला. "मी रोज हात लावून बघायचो."

"आणि खूश व्हायचात."

"हो."

पार्टवाला हसला, पण वाईट हसला नाही. "सगळे होतात. अहो, सिंक गार म्हणजे उष्णता तिथवर पोचतच नाही. सगळी एलईडीच्या पोटात. तो आत भाजत असतो आणि तुम्ही बाहेरून हात लावून म्हणता, वा, काय थंड आहे. याची पाठ धातूला अशी भिडली पाहिजे की मध्ये हवासुद्धा राहता कामा नये. आधी पृष्ठभाग सपाट करा. मग थर्मल पेस्ट, पातळ. लोण्यासारखी थापू नका. आणि वरून स्क्रू. गोंद तापला की ठिसूळ होतो, तुमच्यासमोर पुरावा आहे." त्याने नवे तीन एलईडी पुठ्ठ्याच्या डबीत घातले, पेस्टची छोटी नळी दिली, बारीक स्क्रू आणि शॉर्ट होऊ नये म्हणून त्यांच्याखाली घालायचे प्लास्टिकचे वॉशर मोजून दिले. "तुम्ही काम काय करता?" त्याने जाता जाता विचारलं.

"लिफ्टचा मेकॅनिक आहे."

"मग तुम्हाला मी काय सांगायचं," पार्टवाला म्हणाला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

हे वाक्य दिवसभर त्याच्याबरोबर लिफ्टच्या शाफ्टमध्ये वर-खाली होत राहिलं. तो दोरांचे नट आवळत होता. एक नट, त्याच्यावर दुसरा नट, मग खूण म्हणून रंगाची रेघ, मग पुन्हा पाना लावून खात्री. ज्या माणसांची तोंडं त्याने कधी बघितली नव्हती त्यांच्यासाठी. आणि आत्याच्या डोक्यावर टांगायच्या दिव्याला गोंद. का? घाई होती म्हणून? नव्हती घाई. भोकं पाडायचा कंटाळा आला होता, हे खरं. पण त्याहून खरं असं की घरच्या माणसासाठी काही करताना आपण ते करतोय याचाच आनंद इतका होतो की ते नीट झालंय का हे बघायचं राहून जातं. त्याला दिवा लावताना स्वतःचा चेहरा आठवत होता, आत्याचा आठवेना. गेले कित्येक महिने ती त्याच्याकडे बघून बोलतच नव्हती. खांद्याकडे, दाराच्या चौकटीकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्याने त्याचा अर्थ मनाशी लावून टाकला होता. उन्हाळ्यात एकदा तो आणि बायको बोलत होते की आत्याचं टेबल हलवलं तर खोलीत एक कपाट मावेल. दार उघडं होतं. तिने ऐकलं असणार, तिला लागलं असणार, आणि ती बोलणार नाही. म्हणून मग दिवा. दिवा म्हणजे एका परीने टेबल राहू दे, असं न बोलता सांगणं होतं. आणि तिने झकास म्हटलं की आपल्याला माफी मिळाली, असा त्याचा समज. शाफ्टमधून चौथ्या मजल्यावर चढताना तो मध्येच थांबला आणि अंधारात हात पुसत नुसता उभा राहिला. खालून मदतनिसाने हाक मारली, "अडकलात का?" "नाही," तो म्हणाला, "आलोच."

रविवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर जुना कागद पसरला. ब्लेड, कानस, पॉलिश पेपर, काचेचा तुकडा, ड्रिल, आटे पाडायचा टॅप. त्याला एकट्यालाच करायचं होतं. पण ब्लेडचा आवाज ऐकून आत्या भिंतीच्या आधाराने आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"धूळ फारच चिवट दिसतेय," ती म्हणाली. "पाच दिवस पुसतोयस."

त्याने सुटलेल्या गोंदाचे कण फुंकले. पॉलिश पेपर काचेवर ठेवला, पाण्याचे चार थेंब टाकले आणि हीटसिंकची सपाट बाजू त्यावर गोल गोल घासू लागला. दहा मिनिटांनी पुसून बघितलं तर पृष्ठभाग आरशासारखा चमकत होता. "झालं," तो स्वतःशीच म्हणाला.

"बघू," आत्या म्हणाली आणि हात पुढे केला. बघू हा शब्द दोघांनाही ऐकू आला आणि दोघांनीही तो जाऊ दिला. तिने हीटसिंक मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि मधलं बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं. परत आणलं. मग आडवं. तिसऱ्या खेपेला बोट थांबलं. "इथे खड्डा आहे."

"नाही गं, सपाट आहे."

"तुझी पट्टी आण."

त्याने पोलादी पट्टी उभी धरून पृष्ठभागावर टेकवली आणि खिडकीकडे तोंड करून पाहिलं. पट्टीच्या धारेखाली, बरोबर तिच्या बोटापाशी, केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. त्याने हीटसिंक तिच्याकडे परत दिला. ती काच स्वतःकडे ओढून घासायला लागली. वजन कुठे टाकायचं हे तिच्या मनगटाला आपोआप कळत होतं. थोडं घासायची, पाण्याने धुवायची, बोट फिरवायची, परत घासायची. कपाळावर घाम आला. त्याने पंखा वाढवला. खूप दिवसांनी ती काही तरी करतेय आणि ते होतंय असं तो बघत होता, आणि टेबलाचा डावा कोपरा आता आपल्याकडे नाही, तिच्याकडे आहे, असं त्याला उगाच वाटून गेलं.

"मंगळवारी तू आलास तेव्हा दिवा बंद होता ना?" ती घासता घासताच म्हणाली.

ड्रिलचं पातं लावताना त्याचा हात थांबला. "तुला तेव्हाच कळलं?"

"तेव्हा नाही. तू 'पुसायला नेतो' म्हणालास तेव्हा. जन्मात कधी हातात फडकं धरलं नाहीस, आणि एकदम धूळ?" ती हसली. "मग मी कागद चाचपला. ओला लागेना. तेव्हा कळलं की शाईही नाही."

"आत्या, मग तू इतके दिवस..."

"दिसतं मला," ती घाईने म्हणाली. "कडेनं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं की तुला तोंडच नसतं. भिंतीकडे बघितलं की कोपऱ्यात तू येतोस, चष्म्यासकट. म्हणून मी भिंतीकडे बघते. तुझी बायको म्हणत असेल, म्हातारी भिंतीशी बोलते."

"मला वाटलं तू रागावलीस. कपाटाचं बोललो होतो म्हणून."

"कसलं कपाट?"

तो तिच्याकडे बघत राहिला. उन्हाळ्यापासून पोसलेलं ते ओझं असं एका प्रश्नात खाली उतरलं, आणि हलकं वाटण्याऐवजी त्याला पोकळ वाटलं. "काही नाही," तो म्हणाला. तिने हीटसिंक पुढे केला. या वेळी पट्टीखालून कुठेच उजेड आला नाही.

मग कामात बोलणं विरघळून गेलं. त्याने नऊ भोकं पाडली, टॅपने आटे पाडले; प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर टॅप मागे घेऊन कीस काढायचा, नाही तर टॅप आतच मोडतो. भोकांच्या कडा पुन्हा उंच झाल्या होत्या, त्या तिने बोटाने शोधल्या आणि त्याने घासल्या. पेस्टचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका एलईडीच्या पाठीवर ठेवून तो धातूवर टेकवला आणि किंचित फिरवत दाबला. कडेने पांढरी रेघ सारखी बाहेर आली तशी त्याला बरं वाटलं. वॉशर, स्क्रू, पण एकदम आवळायचे नाहीत, आळीपाळीने थोडे थोडे. आत्या वॉशर एकेक करून त्याच्या हातात देत होती. एक खाली पडला तर दोघंही वाकली आणि तो तिला आधी सापडला. तारा सोल्डर करून झाल्यावर त्याने मीटर लावून कुठे शॉर्ट नाही ना ते बघितलं. बायको अंघोळ करून आली, केस पुसत दोघांकडे बघून म्हणाली, "जेवण आज जमिनीवर वाढू का?"

दिवा लागला तेव्हा आत्याने डोळे किलकिले केले आणि मान एका बाजूला वळवली. त्याने सवयीने तोंड उघडलं, 'कसा आहे' विचारायला, आणि मिटलं. पाच मिनिटांनी हीटसिंक कोमट झाला, दहा मिनिटांनी हाताला चांगला ऊन लागायला लागला. त्याला कधी नव्हे ते एखादी गोष्ट तापतेय याचं समाधान वाटलं. आत्या उठली, तिच्या खोलीत गेली. ड्रॉवर उघडल्याचा, कागद सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक लिफाफा होता, वरून फोडलेला.

"हे जरा वाच," ती म्हणाली. "उजेड आहे तर." जणू उजेड त्याच्यासाठी लागत होता.

पत्र काटकोनचं होतं. अक्षर तिचं नव्हतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हात थरथरतो म्हणून सुनेकडून लिहून घेतेय. घर रिकामं करायचंय, मुलाकडे राहायला जायचंय, त्याआधी चार दिवस येऊन राहा. आपले नकाशांचे जुने कागद अजून जपून ठेवलेत, त्यातले कुठले हवेत ते तू येऊन निवड, नाही तर रद्दीत जातील. महिनाअखेरपर्यंत वाट बघते. त्याने तारीख वाचली. मग मनातल्या मनात पुन्हा वाचली. महिनाअखेर होऊन पाच आठवडे झाले होते.

"आत्या, हे पत्र..."

"मोठ्या अक्षरात आहे, वाचता येईल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "रोज दुपारी काढून बघायचे. कुठल्या तरी दिवशी नजर लागेल. शेवटी वास घेऊन परत ठेवायचे." ती भिंतीकडे बघत होती. म्हणजे त्याच्याकडे. "काय लिहिलंय? बरी आहे ना ती?"

तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला, या वेळी मोठ्याने. कागदांपाशी आल्यावर आत्याचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग ती म्हणाली, "नंबर लावून दे."

त्याने फोन लावला, तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बायको आत पोळपाट धूत होती. त्याने बोट ओठांवर ठेवलं, तिने नळ बंद केला. पलीकडून आवाज इतका मोठा होता की इथवर आला. "आहेस का मेलीस? वाट बघून बघून डोळे फुटले माझे! एक ओळ लिहायला काय झालं होतं?" आत्या म्हणाली, "अगं, जरा गडबडीत होते. इकडे पाहुणे..." आणि थांबली. या घरात वर्षभरात पाहुणा आला नव्हता. त्याने पाहिलं, ती पाठ ताठ करून बसली, पाय जुळवून, जशी ऑफिसातल्या एका जुन्या फोटोत स्टुलावर बसलेली दिसे. "नाही," ती म्हणाली. "पाहुणे नव्हते. मला दिसत नाही गं. पत्र आलं, पण वाचता आलं नाही. सात महिने झाले, एक अक्षर वाचलेलं नाही. रेघसुद्धा काढता येत नाही. नुसती बसते टेबलाशी." आवाज जराही हलला नाही.  मग पलीकडची काही तरी बोलली, या वेळी हळू, आणि आत्या आधी नुसती ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलले, आणि ती इतक्या मोठ्याने हसली की बायको दचकली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायचं तिने मनावर घेतलं नाही.

फोन ठेवल्यावर तो बाहेर आला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, तुला दिसत नाही आणि माझा हात थरथरतो. आपण दोघींनी मिळून नकाशा काढला तर नद्या डोंगरावर चढतील." ती परत हसली, पदराने नाक पुसलं. "कागद टाकले नाहीत तिने. रागावून एका पेटीत भरले आणि मुलाकडे घेऊन गेली. म्हणते, ये आणि हात लावून सांग कुठला कुठला ते. तुला दोन दिवस रजा मिळेल का?"

"मिळेल," तो म्हणाला.

 दिव्याच्या उजेडात तिच्या बोटांना लागलेली ॲल्युमिनियमची राखाडी भुकटी चमकत होती.

"तू दाराशीच होतास ना? ऐकलंस सगळं?"

"हो."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "दोनदा सांगावं लागलं नाही."